इर्जिक

लाल दिवा विझायच्या आत
मी कार्ड ओढून काढलं.
एवढंच झालं.
बोटं गारठलेली, वारा तिरपा,
आणि एदुविना मावशीचं घर
अर्धं चिलोएच्या वाळूवर, अर्धं पाण्यात.

घर म्हणजे घरच, खिडक्यांच्या पडद्यांसकट.
सोळा बैल, ओंडक्यांचे रूळ, गावातला प्रत्येक खांदा.
भरती आली की तीन होड्या बांधून
पलीकडच्या बेटावर न्यायचं.
मजुरी कुणी घेत नाही.
ज्याचं घर, त्याने पोटभर जेवू घालायचं.

रात्री फाईल पाहिली:
वजन अकरा जीबी, कालावधी शून्य.
गोणी जड, तोंड शिवलेलं.

तार्तूहून क्युल्लीने कळवलं,
"कॅमेरा अनुक्रमणिका सर्वांत शेवटी लिहितो.
तू शेवट होऊच दिला नाहीस.
सगळं आत आहे.
काय कुठे ठेवलंय, तेवढं तो विसरलाय."

मला वाटलं, आता पैसे मागतील.
त्यांनी मागितली एक धडधाकट फाईल,
त्याच कॅमेऱ्यातली, त्याच सेटिंगची,
बाकी काहीही चालेल.
मी चूल टिपली. चार मिनिटं.
किटली, तिच्या झाकणाची थडथड.
मध्येच कुत्रं आलं, शेपूट दाखवून गेलं.

त्या चुलीवरून त्यांनी घर ओळखायला घेतलं.

कुताईसीचा झुराब बेकरीची भट्टी तापेपर्यंत बसायचा.
ओमारूच्या म्हाताऱ्या मर्डोने उभी हयात
थिएटरच्या खोलीत तुटलेली फिल्म चिकटवण्यात घालवलेली.
म्हणाला, आकडे मला कळत नाहीत,
पण सांधा दिसतो.
एकाने झोपताना सोडलेलं टोक
दुसरा उठून धरायचा.
आठ रात्री. की आठ दिवस, कोण कुठे आहे त्यावर.

आधी आलं ते हिरवे चौकोन
आणि आभाळात एक शिंग.
मग बैल आले, पण आरोळी त्यांच्या पुढे धावत होती;
"ओढा" ऐकू येई, आणि दोर अजून ढिलाच.
मर्डोने एका बैलाच्या खुरावर नजर ठेवली,
खूर चिखलात रुतला तो क्षण आणि त्याचा पचका
यांतलं अंतर मोजलं.
एकोणीस चौकटी, म्हणाला. मागे घ्या.

सात सेकंद मात्र आलेच नाहीत.
नेमका त्यातच दोर तुटला होता.
गावात प्रत्येक जण सांगतो,
मी खांदा दिला म्हणून घर तरलं.
आता कुणालाच खोटं पाडता येत नाही.

मावशीने सगळं पाहिलं, तोंडातून शब्द नाही.
घर रुळावर चढताना कलतं, तिथे म्हणाली, "थांबव."
जमिनीच्या फळ्या खालून दिसत होत्या,
शेवाळलेल्या, एकीवर कुणा सुताराची खडूची खूण.
"साठ वर्षं हिच्यावरून चालले," म्हणाली,
"पोट कधी पाहिलं नव्हतं."

मग विचारलं, "किती जण होते?"
तिघं.
"जेवले?"

मी नकाशा काढला, अंतरं सांगितली.
"घर ओढलं ना त्यांनी? मग."
टेबलावर तीन वाडगे जास्तीचे आले,
शिंपले, बटाटे, धुरावलेलं डुकराचं मांस,
आणि मीठदाणीला टेकवून फोन.
पडद्यात क्युल्लीने जेवणच मांडलं,
झुराबने दुकान बंद करून उरलेली रोटी मोडली.
मर्डोकडे पहाटेचे चार. तो झोपलेला.
त्याच्या वाडग्यावर मावशीने बशी पालथी घातली
आणि मला संध्याकाळी परत बोलावलं.

घास चावता चावता झुराब म्हणाला,
शेजारणीच्या शाळेतलं एक आहे,
मुलं जिमखान्यात गातायत,
तिसऱ्या मिनिटाला काळं होतं.

जू एकदा मानेवर घेतलं
की पाळी चुकवता येत नाही.
दोन वाजलेत. चूल विझलीय.
ज्या गावाचं नाव मला धड उच्चारता येत नाही
तिथल्या कुणाला तरी मी लिहितोय:
त्याच कॅमेऱ्यातलं दुसरं काही आहे का?
काहीही.
कुत्रं मध्ये आलं तरी चालेल.